सुलतानबीच्या कबरी

“फावडं खाली ठेव, सुलतानबी. बाईमाणसानं कबरस्तानात पाय ठेवायचा न्हाय. आजपासनं हे काम ख्वाजाचं.”

जमातीचे पुढारी शमशुद्दीन फाटकात उभे राहून बोलत होते. मागे पंधरावीस माणसं होती, आणि गडहिंग्लजहून आणलेला ख्वाजा, खांद्यावर कुदळ घेऊन.

सुलतानबीने फावडं खाली ठेवलं नाही.

“प्लेगात कुठं हुतासा समदी?”

प्लेग आला तसं अर्धं कोल्हापूर माळावर झोपड्या घालून राहिलं होतं. कबरी खोदणारा तिचा नवरा मौलाली पहिल्याच आठवड्यात गेला. पुढे चार महिने गाड्या भरून मढी येत होती आणि त्यांना माती द्यायला ती एकटी होती. प्लेग सरल्यावरही कबरस्तानात जायला लोकांना बंदी होती. ती बंदी कालच उठली, आणि आपल्या माणसांच्या कबरी शोधायला परजातीचेही आले होते.

“केलंस ते केलंस,” शमशुद्दीन म्हणाले. “तवा बाप्ये नव्हतं. आता हायती. उद्यापतुर झोपडी रिकामी कर.”

“करते की. पर ह्यातली कुठली कुणाची, हे तुमच्या ख्वाजाला ठावं हाय?”

सगळ्यांनी तिच्यामागे पाहिलं. भिंतीकडेने त्रेचाळीस कबरी होत्या. सरळ ओळीत, सारख्या अंतरावर. प्रत्येकीवर गवत, प्रत्येकीच्या उशाला दगड. नाव एकावरही नव्हतं.

गर्दीतून गुळाचा व्यापारी बसाप्पा पुढे आला. तो लिंगायत. घरची माणसं माळावर पळाली तेव्हा त्याची आजारी आई मागे राहिली होती. तिचं मढं प्लेगाच्या गाडीतून इथं आलं, एवढंच त्याला कळलं होतं.

“माझी अव्वा?” त्याने विचारलं.

“कवा आणली हुती?”

“संक्रांतीच्या आदल्या दिवशी.”

“ठेंगणी हुती न्हवं?”

“व्हय, व्हय. ठेंगणीच.”

सुलतानबी ओळीतून चालत गेली आणि सातव्या दगडापाशी थांबली. “ही.”

बसाप्पा दगडाजवळ गेला. “आमच्यात बसवून पुरत्यात,” तो कसाबसा म्हणाला.

“बसवूनच पुरली. गळ्यातलं लिंग तळहातावर ठिवलं. मला ठावं हाय तुमच्यातलं.”

बसाप्पाने दगडावर हात ठेवला. त्याने डोळे पुसले. “मी तिला आमच्या रुद्रभूमीत नेतो. ख्वाजा, हितं खण.”

ख्वाजा पुढे झाला. सुलतानबी फावडं आडवं धरून कबरीवरच उभी राहिली.

“प्लेगाचं मढं उकरतोस? पुन्यांदा समदी पेठ मारायची हाय व्हय? आधी मला गाड, मग काय उकरायचं ते उकर. दरबारात जायचं तर जा. तितं बी मी हेच सांगीन.”

ख्वाजा दोन पावलं मागे सरला. बसाप्पाने हात जोडले. “ऱ्हाऊ दे, माय. हितंच ऱ्हाऊ दे. बसवली न्हवं, बास.”

मग एकेकजण पुढे आला. कुणाचा भाऊ, कुणाची लेक, कुणाचा म्हातारा बाप. सुलतानबी दिवस विचारायची, अंगकाठी विचारायची आणि दगड दाखवायची. एकदाही अडखळली नाही. माणसं कबरींपाशी बसली. काहीजण मोठ्याने रडत होते.

शमशुद्दीन फाटकातच होते. सगळ्यांत शेवटी आले आणि तिच्याकडे न बघता हलक्या आवाजात म्हणाले, “आमची घरवाली, बिबीजान…”

“तिला टाकून गेलतासा.”

“गेलतो.”

सुलतानबीने त्यांना बराच वेळ तसंच उभं ठेवलं. मग भिंतीच्या कोपऱ्यातला दगड दाखवला. “लिंबाच्या सावलीत हाय. जावा, फातेहा वाचा.”

ते वाचून परतले तेव्हा त्यांची दाढी ओली होती. “ख्वाजा,” ते म्हणाले, “तुमी जावा गावाकडं, पावणं. हितलं काम सुलतानबीचं. तिच्या माघारी तिच्या लेकीचं. कुणाला काय म्हणायचं असंल तर मला म्हणा.”

ख्वाजा कुदळ सावरून फाटकाबाहेर पडला.

सगळे गेल्यावर झोपडीच्या दारातून मेहमुदा बाहेर आली. ही सुलतानबीची लेक, गगनबावड्याला दिलेली. प्लेगभर ती सासरीच होती. आईला भेटायला परवाच आली होती. तिने आईच्या हातातलं फावडं घेतलं. तिचे डोळेही भरले होते.

“अम्मा, एवढ्या कबरी तुझ्या ध्यानात कशा गं ऱ्हायल्या?”

“कसल्या कबरी?” सुलतानबी पायावर पाणी घेत म्हणाली. “पार तिकडं, बाभळीखाली, चार खड्डं हुतं. गाडी यायची, वतायची. मी माती लोटायची. तोंडं बघायला येळ कुणाला हुता?”

मेहमुदाने भिंतीकडे पाहिलं.

“मग ह्या?”

“त्या व्हय? त्या मी प्लेग सरल्यावर घातल्या, मिरगाच्या तोंडाला. दगडं पंचगंगेवरनं आणली, डोस्क्यावरनं.”