पावणेदोन फेरे

"पार डावीकडे फिरव. आता पार उजवीकडे. किती झाले?" जुन्या व्होल्गा गाडीच्या पुढच्या चाकांपाशी उकिडवे बसलेले एर्गाशबाबा ओरडले.

"साडेतीन फेरे," आत बसलेली त्यांची सून ओयदिन म्हणाली.

"मग पावणेदोन मागे ये. तोच मध्य."

चाकं सरळ झाली, पण स्टेअरिंग तिरकंच राहिलं. तिनं नट सोडला, ते दांड्यावरून उपसून काढलं आणि सरळ बसवलं. दर वसंतात म्हातारा हे सगळं सुटं करायचा आणि तिला हाताशी घेऊन पुन्हा जुळवायचा. नवरा आठ वर्षं रशियात कामाला होता. समरकंदचं हे अंगण सोडून ती कुठे म्हणून गेली नव्हती. आताही काचेतून समोर तिच्याच खोलीची भिंत दिसत होती.

"हिला एकदा रस्ता दाखवा की, बाबा," ती फणकारली. "का माझ्यासारखी हिलाही कोंडूनच ठेवायचीय?"

एर्गाशबाबांनी फडक्याला हात पुसले.

"कुठून काढू, पोरी? माणसांपुरतं दार ठेवलं आणि फाटकाच्या जागी तुझी खोली बांधली. तू लग्न होऊन येणार होतीस ना."