कच्ची वही

सभागृहाच्या दारावरच्या शिपायाला त्यांनी सांगितलं, जिन्यात पुढे चाललेल्या गृहस्थांना सांगितलं, आणि गॅलरीत शेजारी बसलेल्या बाईंना तर बूड टेकायच्या आधीच सांगितलं, "खाली वर्दीत बसलीय ना, ती पोलीस आयुक्त, माझी मुलगी." निवृत्त हवालदाराने इतकं मिरवावं का, असा प्रश्न कुणाला पडला असेल तर पडो. त्यांना पडला नव्हता.

बाई शिवणकाम टाकून आल्या होत्या, मापाची टेप गळ्यात तशीच होती. "अगंबाई, तुमची मुलगी?" म्हणून त्या सरसावून बसल्या.

खाली मुलीची उलटतपासणी चालली होती. शहरात गुन्हे वाढले, आयुक्त बदला, असा ठराव आला होता आणि जेवणाच्या सुट्टीआधी त्यावर मतदान व्हायचं होतं. ठराव मांडणारे सभासद चांगलेच तापले होते. मुलगी मात्र शांत. विचारलं की उत्तर, त्यात एक शब्द जास्तीचा नाही. दर उत्तराला गॅलरीत बापाची मान डोलत होती.

"गुन्हे वाढले नाहीत, नोंदी वाढल्या," ती म्हणाली. "आता येईल ती तक्रार त्याच दिवशी पक्क्या रजिस्टरमध्ये जाते. पेनाने."

"खरंय हो," बाई कुजबुजल्या. "फार वर्षांपूर्वी माझं शिलाई मशीन चोरीला गेलं. नदीपलीकडच्या ठाण्यात जाऊन लिहून दिलं. आठवड्याने विचारायला गेले तर म्हणे, अशी नोंदच नाही. वही दाखवली मला. कोरी! घरचे म्हणाले, तू गेलीच नसशील. शेवटी मलाही वाटायला लागलं, आपल्यालाच वेड लागलंय. आणि परवा दुकानाचं कुलूप फोडलं, तर लगेच पावती हातात. भलं होवो तुमच्या लेकीचं."

म्हाताऱ्यांची मान डोलायची थांबली. नदीपलीकडच्या ठाण्यातली कच्ची वही त्यांच्याकडेच असायची. तक्रार आधी तिच्यात पेन्सिलने लिहायची, संध्याकाळी साहेब बोट ठेवतील तेवढ्या पक्क्या करायच्या, बाकीच्या खोडायच्या. कागदावर वळसुद्धा राहू नये असं ते खोडायचे. ठाण्यात सगळे त्यांना कौतुकाने 'खोडरबर' म्हणत, आणि त्यांनाही ते आवडायचं.

खाली ठराव मांडणाऱ्या सभासदांनी टेबलावर एक लाकडी ढाल ठेवली.

"सर्वांत कमी गुन्ह्यांची फिरती ढाल. नदीपलीकडच्या ठाण्याने सलग अकरा वर्षं घेतली. मॅडम आल्या आणि तिथलेच गुन्हे तिप्पट! पूर्वी नोंदी होत नव्हत्या म्हणता? मग कोण बुडवत होतं? एक नाव सांगा, आत्ता ठराव मागे घेतो."

सकाळपासून एकही प्रश्न न चुकवलेली मुलगी समोरच्या कागदाकडे बघत राहिली.

"का? माहीत नाही?"

"माहीत आहे," ती म्हणाली. "सांगणार नाही."

एकच गलका झाला. कुणी बाकं वाजवली, कुणी मतदान घ्या म्हणून ओरडलं.

"अहो, सांगून टाकायचं ना," बाई कळवळल्या. "घालवतील तिला!"

ती का सांगत नव्हती, ते बापाला कळलं. शाळा सुटली की ती ठाण्यात त्यांच्या टेबलाशी अभ्यासाला बसायची. ते खोडायचे आणि रबराचा चुरा उडवायचं काम तिचं. गाल फुगवून फुंकर मारायची. एवढ्या वर्षांत घरात त्यावर अवाक्षर निघालं नव्हतं. आणि आज ही पोरगी स्वतःची वर्दी पणाला लावून बापाची अब्रू झाकत होती. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि तिचा इतका अभिमान वाटला की बसवेना. कठडा धरून ते उभे राहिले.

"माझं नाव लिहा!"

अध्यक्षांनी घंटा वाजवली. "गॅलरीतून बोलायचं नाही. आजोबा, खाली बसा."

"बसतो. आधी लिहून घ्या. ती ढाल माझ्या खोडरबराने मिळवलीय. अकरा वर्षं कच्ची वही माझ्याकडे होती. साहेब सांगायचे, मी खोडायचो."

"बाबा, नको," मुलगी म्हणाली. सकाळपासून पहिल्यांदा तिने गॅलरीकडे बघितलं.

"नको काय? मलाच सांगू दे." मग त्यांनी शेजारी बघितलं. "या बाईंचं शिलाई मशीन चोरीला गेलं होतं. त्यांनी लिहून दिलं होतं. मी खोडलं."

बाईंनी गळ्यातली टेप मुठीत धरली. "म्हणजे मी वेडी नव्हते," त्या हळूच म्हणाल्या.

ढालीवरचा सभासदांचा हात आपोआप खाली आला. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि समोरच्या लघुलेखकाला म्हणाले, "घ्या लिहून."

लघुलेखकाने पेन्सिल उचलली.

"पेन्सिल नको हो!" म्हातारे वरून ओरडले.

आयुक्त उठल्या. लघुलेखकाच्या टेबलापर्यंत चालत गेल्या, खिशातलं पेन काढलं आणि टोपण उघडून त्याच्यापुढे धरलं.

"नाव पूर्ण लिहा," त्या म्हणाल्या. "माझे वडील आहेत."