छताचा दोर

झोप लागू नये म्हणून पूर्वी एक ख्रिस्ती संत आपले केस छताच्या दोराला बांधून प्रार्थना करत. इजिप्तच्या वाळवंटातल्या त्या मठात तो दोर अजून लोंबतो. हल्ली रोज सकाळी त्याच्या गाठीत नवा पांढरा केस सापडत होता.

"हा चावटपणा करणारा सापडला नाही, तर उद्या उत्सवात खोली बंद!" मठाधिपतींनी खोली सांभाळणाऱ्या अबूना, म्हणजे फादर, सराबामून यांना बजावलं.

"संतच येत असतील, अबूना," यात्रेला आलेली म्हातारी उम्म मीना हसली.

"आता तू तरी डोकं खाऊ नकोस, बाई!"

वैतागून अबूनांनी त्या रात्री आतून कडी लावली आणि टोपी काढून दोराखाली पहाऱ्याला बसले. जरासा डोळा लागला.

त्यांच्या पांढऱ्या केसांना हिसका बसला. कडी तशीच होती, आणि दोराची गाठ अजून कुणीतरी आवळत होतं.