दुसरा तुकडा

रंगूनच्या भातगिरणीतून रुपचंद दर महिन्याला चोपड्याला दहाची नोट पाठवायचा, मधोमध कापून. पहिला तुकडा पोचल्याचं बायकोचं, पुष्पाबाईचं पत्र गेलं, की मगच दुसरा निघायचा. टपालातल्या चोराला अर्ध्या नोटेचा काय उपयोग?

दुसऱ्या तुकड्यात, कागदाच्या पोटात जलचिन्हाचा बादशहा असे. उन्हात धरला की त्याचा एका बाजूने चेहरा पांढुरका दिसे.

पण दर खेपेला तो जरा तोंड फिरवत होता. चैत्रात नुसता कान दिसला. वैशाखात पाठमोरं डोकं दिसलं, मुकुट नसलेलं, दोन भोवऱ्यांचं. रुपचंदचं.

ताईबाई शेजारणीला मात्र त्यात बादशहाच दिसला. “दोन भवरावाला दोन संसार करस, पुष्पा,” भोवऱ्यांचं ऐकून ती हसून म्हणाली.

पुढचा पहिला तुकडा आला, तेव्हा पुष्पाबाईने पोच लिहिलीच नाही. दुसरा आला नाही, तर कागदातला नवरा आहे तिथंच थांबेल, आणखी दूर जाणार नाही, असं तिला वाटलं.

तरी दुसरा आला. तिने तो उन्हात धरला. कागदात कोणीच नव्हतं.

“पाय धवाले पानी दे वं,” ओट्यावरून आवाज आला. त्याचाच.

ती तांब्या घेऊन धावली. रुपचंद पाठमोरा उभा होता. ती वळसा घालून त्याच्या समोर गेली.

समोरूनही तो पाठमोराच होता.