कोपऱ्यावरची शिट्टी

"गाडीची ही शिट्टी कायमची बंद करा, काका."

काका चालू इंजिनाच्या नळ्यांवर स्प्रे मारत होते. कुठून तरी बाहेरची हवा आत शिरत होती. जिथे फवारा पडताच इंजिनाचा सूर बदलेल, तिथे गळती.

"बाबांची गाडी मी वापरायला लागले आणि पोरगी शेफारली," ती सांगत होती. "कोपऱ्यावर अॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की ही वाजते. मी दारात पोचेपर्यंत मोबाइल गायब, पुस्तक हातात! एकदा रंगेहाथ पकडायचंय तिला."

काका नुसते हसले. तिच्या वडिलांबरोबर त्यांनी याच गॅरेजात उमेदीची वर्षं काढली होती.

वडील कडक. त्यांचा आवाज चढला की घर चिडीचूप. दुसऱ्यांच्या इंजिनातली फुसफुस ते नुसत्या कानाने हुडकत, आणि स्वतःची गाडी मात्र गल्लीभर बोंबलत येई. दिव्याखाली अंधार, आई म्हणायची. त्या अंधाराच्या आडोशानेच ती आणि भाऊ वाढले. शिट्टी आली की पत्ते गादीखाली, टीव्ही बंद, दोघं अभ्यासाला. टीव्ही गरम आहे का, हे हात लावून बघायचं त्या हुशार माणसाला कधी सुचलं नाही. वडील गेल्यावर भेटायला आलेल्यांना हे सांगताना रडता रडता दोघं हसली होती. जन्मभर फसवलं बाबांना!

इंजिनाचा सूर एकदम चढला. काकांनी इंजिन बंद केलं, एक रबरी नळी सोडवून तिच्या हातात ठेवली. रबर झिजलेलं नव्हतं, चिरलेलंही नव्हतं. गोल, नेटकं भोक होतं. ते मिटू नये म्हणून आत इवलीशी पितळी नळी बसवलेली.

"हे कुणी केलं?"

"तुझ्या बाबानेच, माझ्यासमोर. म्हटलं, अरे, डोकं फिरलं का तुझं? तर म्हणाला, मुलं सापडली की मारावं लागतं. मला नाही जमत."

ती भोकावरून अंगठा फिरवत राहिली.

"नवी टाकू ना?" काकांनी विचारलं.

"हीच बसवा."

संध्याकाळी कोपऱ्यावर तिने पाय काढला. शिट्टी वाजली. वळण तिने जरा सावकाशच घेतलं.

पोरगी पुस्तकात डोकं खुपसून बसली होती. उशीखाली काहीतरी घुरघुरत होतं.

"आई, गाडी दुरुस्त नाही झाली?"

"झाली की," ती म्हणाली, आणि चपला काढायला तिने बराच वेळ लावला.