फक्त हात

“तोंड नको म्हणालीस, कबूल. आता हातांचंही वावडं?” पोस्टवालीने मोबाइल खाली घेतला. “अगं ताई, हातांना कोण ओळखतंय?”

ताई मशीनवरून उठली नाही. हात मात्र तिने कापडाखाली सरकवले.

बायकांच्या त्या निवाऱ्यात ती पिशव्या शिवायची. कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. नवऱ्याचा विषय निघाला, की सुईत दोरा ओवत बसायची. तिची बॅग आल्या दिवसापासून खाटेखाली भरलेली होती. निवाऱ्याचा पत्ता कुठेही छापलेला नव्हता आणि फाटकाच्या आत पुरुषाने पाऊल टाकायचं नाही असा नियम होता. नळ दुरुस्त करायलासुद्धा संचालिकेने बाईच शोधून आणली होती. निवाऱ्याच्या ऑनलाइन पोस्ट टाकायचं काम पोस्टवालीकडे होतं आणि ती फोटो टाकायची ते मानेखालचे.

पण आता ते घरच बंद व्हायची वेळ आली होती. नगरपालिकेला इमारत परत हवी होती. बायकांची पांगापांग होणार होती, एक इकडे तर दुसरी तिकडे. संचालिकेने साहेबांचे उंबरे झिजवून पाहिले आणि शेवटी सगळं पोस्टवालीच्या गळ्यात घातलं. पोस्टवालीने ऑनलाइन याचिका काढली, तीही पत्ता न देता. तिच्या नातेवाइकांनी इमानेइतबारे सह्या केल्या आणि गाडी तिथेच अडली.

“घर बंद पडलं तर कुठे जाशील तू?” तिने ताईला विचारलं.

हे वर्मी लागलं. ताईने हात मशीनच्या दिव्याखाली ठेवले.

फोटो झकास आला. पिवळा उजेड, निळं कापड आणि उजव्या हाताचं मधलं बोट. ते पेरापासून बाहेर वळलेलं होतं आणि काही केल्या सरळ होत नव्हतं. पोस्टवाली त्या बोटावर फिदा झाली. जन्मभराची शिलाई त्या बोटात उतरली आहे, असं तिने स्वतःच ठरवून टाकलं. ताईला विचारायचं काही तिला सुचलं नाही. फोटोखाली तिने लिहिलं, ‘हे कष्टाचे हात रस्त्यावर येऊ देऊ नका.’

पहिल्याच दिवशी एकाने उत्तर दिलं, ‘या हातांसाठी वाट्टेल ते करीन.’ खात्याचं नाव ‘हितचिंतक’, चित्राच्या जागी कमळ. असं लिहिणारे ढिगाने असतात, पण या माणसाने खरोखरच जिवाचं रान केलं. दुकानदारांचे ग्रुप, शाळामित्रांचे ग्रुप, सोसायट्यांचे ग्रुप, त्याने एकही सोडला नाही. नगरसेवकांच्या तो हात धुऊन मागे लागला. कुणी खाली घाणेरडं लिहिलं, तर पोस्टवालीच्या आधी हाच त्याला गोड शब्दांत गप्प करायचा. सह्यांचा पाऊस पडला. पोस्टवाली त्याला दादा म्हणू लागली. पुरुषांबद्दल कधी चांगला शब्द न काढणारी संचालिकासुद्धा म्हणाली, “सगळेच असे असते, तर आपल्याला हे घर काढावं लागलं नसतं.”

दादाला स्वतःसाठी काहीच नको होतं. एकदा तेवढं त्याने विचारलं, ‘निकाल लागेपर्यंत सगळ्याजणी तिथेच राहतील ना? घाबरून कुणी आधीच निघून गेलं, तर जिवाला लागेल माझ्या.’

वाचून पोस्टवालीचे डोळे भरून आले. तिने लिहिलं, ‘एकही हलणार नाही, दादा. तुमच्या भरवशावर तर बसल्या आहेत.’

नगरपालिका नमली. घर वाचलं. त्या दिवशी बायका एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या आणि ताईने खाटेखालची बॅग ओढून रिकामी केली. कपडे कपाटात लावले. भिंतीत एक खिळा ठोकून मागितला, आरशासाठी.

आभाराचा कार्यक्रम ठरला. दादाला आत कसं घ्यायचं, असं स्वयंपाकीणबाईंनी भीत भीत विचारलं.

“ज्याने फाटक वाचवलं, त्याला फाटकाबाहेर उभं करायचं?” संचालिका म्हणाली. पुढे कुणाची बोलायची टाप नव्हती. पोस्टवालीने स्वतःच्या हाताने दादाला पत्ता पाठवला, वर नकाशाही. त्याची एकच इच्छा होती, आणि इतकी साधी, की पोस्टवालीला त्याचं कौतुकच वाटलं. फोटोतल्या हातांनी शिवलेली पिशवी त्याला त्याच हातांतून घ्यायची होती. ताईने आढेवेढे घेतले नाहीत. उलट सगळ्यात चांगलं कापड काढलं आणि कडेला दुहेरी शिलाई मारली. परक्या माणसाने एवढं केलं, आपण एवढंही करू नये?

पोस्टवालीने लाइव्ह सुरू केलं. नियमाप्रमाणे कॅमेरा मानेखाली. पडद्यावर इस्त्रीचा पांढरा शर्ट आला. समोर ताईचे दोन हात, हातांत पिशवी.

पिशवी खाली पडली.

त्याने ती उचलली नाही. त्याने ताईचा उजवा हात हातात घेतला. स्वतःच्या घरात अंधारातही दिव्याचं बटण सापडावं, तसा त्याचा अंगठा थेट त्या वाकड्या बोटावर गेला. पडद्यावर बदामांची रांग लागली. लोक हात जोडत होते, टाळ्या पाठवत होते. पोस्टवालीने मोबाइलवरून नजर उचलली आणि त्या दिवसात पहिल्यांदाच ताईच्या तोंडाकडे पाहिलं. तिने मोबाइल खाली घेतला.

तो मात्र हसत होता. ताईच्या कानाशी वाकून, अगदी मायेने म्हणाला,

“घर बंद पडलं असतं, तर तू कुठे गेली असतीस ते मला कसं कळलं असतं?”