डायरीतला पाऊस

“तुझ्या उपग्रहांना माझा पाऊस दिसला असेल का गं?” बाबांनी खलाशी असतानाची डायरी माझ्यासमोर ठेवली. भर समुद्रात जहाज बंद पडलं, प्यायचं पाणी संपलं आणि ऐनवेळी पाऊस कोसळला म्हणून सगळे वाचले, ही हकिगत घरात वीस वर्षं ‘बाबांची थाप’ म्हणून प्रसिद्ध होती. उपग्रहांच्या नोंदींवरून जगभर कुठे, कधी, किती पाऊस पडला ते काढणं माझं रोजचं काम, पण डायरीतली तारीख, अक्षांश, रेखांश मी दोनदा तपासून टाकले. नकाशा कोरा निघाला तर? स्क्रीनवर निळा ठिपका उमटला. “चार तास पडलाय, बाबा! आई, ये लवकर!” बाबांचं बोट मात्र ठिपक्यावरून पुढे सरकलं, अथांग पाण्यावर तसे शेकडो होते. “इथे कोणाची जहाजं होती?” “कोणाचीच नसणार, बाबा.” बाबांनी हळूच डायरी मिटली. “म्हणजे तो पडतच होता. आम्हीच नेमके खाली होतो.”